पेपरावर ठेवलेली पिशवी

सिस्टर घरात शिरल्या की आधी वास घ्यायच्या. दारातच थांबून, मान थोडी वर करून, दोनदा. मग चपला काढायच्या. पहिल्या दिवशी माझ्या नवऱ्याला वाटलं, गॅस गळतोय. तो स्वयंपाकघरात पळाला.

"गॅस नाही," सिस्टर म्हणाल्या. "जखमेचा वास दारापर्यंत येतो का ते बघते. आज नाही येत. उद्याचं सांगता येत नाही."

उद्याचं सांगता येत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ताप उतरला म्हटलं तरी हेच, भूक लागतेय म्हटलं तरी हेच. चांगली बातमी दिली की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. एकदा मी कौतुकाने सांगितलं, "आज दादा खूप खुशीत आहेत." त्यांनी लगेच नाडी धरली.

लोणावळ्याकडे एक धर्मादाय दवाखाना आहे. अंथरुणाला खिळलेल्या, जखमा झालेल्या रुग्णांची घरी जाऊन शुश्रूषा करण्याचं काम तो करतो. सिस्टर त्या कामावर होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, हडकुळ्या, केस घट्ट बांधलेल्या. कार्ल्यापासून वराळ्यापर्यंत आणि वर आंदर मावळातही त्या स्कूटरवरून हिंडायच्या, जिथे रस्ता संपेल तिथून चालत जायच्या. वराळ्याला आमच्याकडे त्या माझ्या वडिलांसाठी येत. दादांना साखरेचा आजार. उजव्या तळपायाला, अंगठ्याखाली, रुपयाएवढी जखम झाली होती. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "दिवसाआड ड्रेसिंग. पाय जमिनीला टेकवायचा नाही. हयगय झाली तर पाय काढावा लागेल."

आज दादांच्या उजव्या पायाला चार बोटं आहेत. पाचवं का गेलं ते सांगायचं, तर आधी सिस्टर कशा होत्या ते सांगायला हवं.

त्यांचा माणसांवर विश्वास नव्हता. वस्तूंवर होता. चादरीवर, नखांवर, कचऱ्याच्या डब्यावर. आल्या की डब्याचं झाकण उचलून बघायच्या. आमच्या शेजारणीने हे पाहिलं आणि सोसायटीत सांगितलं की आमच्याकडे झडती चालू आहे. तसं ते खोटंही नव्हतं. एकदा दादा त्यांना ठासून सांगत होते, "सिस्टर, म्या ग्वाड सोडलंय. शप्पत."

सिस्टर खाली उकिडव्या बसल्या. भिंतीच्या कडेने मुंग्यांची एक रांग चालली होती. बोटाने माग काढत त्या पलंगाच्या पायापर्यंत गेल्या, तिथून गादीपर्यंत, तिथून उशीपर्यंत.

"आजोबा, तुम्ही सोडलंय. मुंग्यांना कळवलं नाही वाटतं."

उशीच्या अभ्र्यातून अर्धं पाकीट चिक्की निघाली. दादा रेल्वेत लोणावळ्याला होते, जुने सोबती भेटायला येताना घेऊन यायचे.

"ही कोणाची?"

"नातवाची."

"नातू कुठं असतो?"

"नाशकाला."

"मोठा लांब हात आहे नातवाचा," सिस्टर म्हणाल्या आणि पाकीट आपल्या खिशात टाकलं. दादा पुढे दोन दिवस त्यांना पोलीसबाई म्हणत होते, पण हसून.

माझ्यावरही त्यांचा विश्वास नव्हता, आणि हे मला जास्त लागलं. मी तळेगावजवळच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. कुठली वस्तू कुठल्या खणात, किती उरली, कधी संपणार, हे सगळे मला विचारतात. घरातही माझ्या याद्या असतात. दादांसाठी मी फ्रिजवर तक्ता लावला होता: गोळ्या, साखरेची तपासणी, पाय उशीवर ठेवला का, पाणी किती प्यायले. प्रत्येक चौकोनात खूण. सिस्टरांनी तो तक्ता चष्मा चढवून वाचला.

"ताई, सात दिवसांच्या खुणा एकाच पेनाच्या आहेत. एकाच बैठकीत केल्यासारख्या."

मी रविवारी संध्याकाळी बसून आठवडाभराच्या खुणा केल्या होत्या, हे खरं होतं. पण गोळ्या दिल्याच होत्या ना! मी तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "दिल्या असतील." या 'असतील'मुळे मला दिवसभर काम सुचलं नाही.

त्यामुळे मीही त्यांच्यावर नजर ठेवायला लागले. माझी नजर चांगली आहे.

पहिली गोष्ट पिशवीची. त्यांची एक काळी पिशवी होती, डॉक्टरी पेटीपेक्षा थोडी मोठी. ती त्या कधीही थेट खाली ठेवत नसत, टीपॉयवरही नाही. बाहेरच्या कप्प्यातून वर्तमानपत्राचं पान काढायचं, टीपॉयवर पसरायचं, त्यावर पिशवी. मग आपलाच साबण, आपलाच टॉवेल काढून कोपरापर्यंत हात धुवायचे. मग ॲप्रन. मग दादांना हात लावायचा. झालं की पुन्हा कोपरापर्यंत हात, ॲप्रन उलटा करून घडी, पेपराचीही घडी, आणि तो पेपर त्या जाताना कचऱ्यात टाकून जायच्या.

दुसरी गोष्ट पाण्याची. त्या आमच्याकडे पाणी पीत नसत. चहा तर नाहीच. "नंतर घेते" नाही, "आत्ताच झाला" नाही. फक्त "नको."

आमच्या हॉलमध्ये दारासमोरच बुद्धमूर्ती आहे. घरात पाऊल टाकणाऱ्याला आम्ही कोण ते विचारावं लागत नाही.

पहिल्या दिवशी सिस्टर गेल्यावर दादांनी विचारलं, "पेपर का घातला गं त्या बाईनं?"

"स्वच्छतेसाठी असेल."

"आपलं घर घान हाय?"

फरशी मी सकाळीच पुसली होती. मग दादांनी जे मला आयुष्यात एकदाच सांगितलं होतं ते दुसऱ्यांदा सांगितलं. लहानपणी ते आईबरोबर गावातल्या एका मोठ्या घरी कामाला जायचे. तहान लागली की ओंजळ करून पायरीखाली उभं राहायचं. वरून पाणी ओतलं जायचं. ते अंगणात जिथे बसत, ती जागा ते उठल्यावर सारवली जायची. "लय मायाळू बाई होती ती," दादा म्हणाले. "खायाला द्यायची. पन सारवायची."

पुढच्या वेळी सिस्टर आल्या तेव्हा दादांनी पाय भिंतीकडे वळवून घेतला. "दुखतंय, आज ऱ्हाऊ द्या," म्हणाले. सिस्टरांनी अर्धा तास वाट बघून, गोड बोलून, शेवटी दटावून ड्रेसिंग केलं. दादा छताकडे बघत पडून राहिले.

सिस्टरांचं आडनावही असं होतं की चार जातींत सापडावं. बोलणं तर कशाचाच थांग लागू देत नसे. आमच्याशी पुस्तकी बोलायच्या, आणि फोनवर कुणा खेड्यातल्या माणसाशी "व्हय, येते की, कुटं जातेय" असं बोलताना मी ऐकलं होतं. मी एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, "सिस्टर, तुमचं गाव कुठलं?"

"आत्ता वराळे. मघाशी कार्ले. इथून पुढे तळेगाव."

"तसं नाही, मूळ?"

"मूळ कशाला हवंय? जखमेला लागत नाही."

जे सरळ उत्तर देत नाहीत त्यांच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी असतं, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. मी दवाखान्याला पत्र लिहिलं. नीट, मुद्देसूद, एक ते पाच. कुठल्या भेटीत काय झालं तेही. शेवटी लिहिलं: परिचारिका आमच्या घरात अंतर राखून वागतात, सबब चौकशी होईपर्यंत भेटी थांबवाव्यात. पत्राची प्रत फाईलला लावली. मला फार बरं वाटलं.

भेटी थांबल्या. खालच्या दवाखान्यात ड्रेसिंग करणारा एक माणूस होता, त्याला घरी बोलावलं. हसतमुख. पिशवी थेट पलंगावर ठेवायचा, चहा दोनदा घ्यायचा, दादांशी क्रिकेटवर बोलायचा, आणि पाच मिनिटांत पट्टी बांधून मोकळा. "मानूस लाखात एक हाय," दादा म्हणाले. दहाव्या दिवशी त्याने पट्टी सोडून आम्हाला सगळ्यांना पाय दाखवला. जखमेवर खपली धरली होती, कडा कोरड्या. "सुकली बघा." मी तक्त्यात हिरव्या पेनाने 'सुकली' लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

मग पुरावा गोळा करायला निघाले. चौकशी होणार होती, आणि पाच मुद्दे म्हणजे नुसते मुद्देच असतात. माझ्याबरोबर स्टोअरला काम करणारे एक गृहस्थ आंदर मावळातले, शेतीवाडी असलेल्या घरचे. त्यांची आई अंथरुणावर होती. चहाच्या वेळी त्यांच्या बोलण्यात आलं की दर रविवारी हीच सिस्टर त्यांच्याकडेही येते. मी म्हटलं, "मला इंद्रायणी तांदूळ हवाय. या रविवारी येऊ का?" तांदूळ घरात होता. त्या घरी सिस्टर पाणी पितात का, तेवढंच मला बघायचं होतं.

भात कापून झालं होतं. गाडी ओढ्याअलीकडे ठेवून बांधावरून चालत गेले. त्यांच्या घरी माझं चांगलं स्वागत झालं, पडवीत खुर्ची दिली, चहा टाकला. तासाभराने सिस्टर बांधावरून येताना दिसल्या, खांद्याला ती काळी पिशवी. दारात थांबल्या. मान वर. दोनदा वास. मग कप्प्यातून पेपर निघाला, लाकडी पेटीवर पसरला गेला, त्यावर पिशवी. आपला साबण. कोपरापर्यंत हात.

गृहस्थांच्या पत्नीने तांब्या-भांडं पुढे केलं.

"नको."

खरं सांगायचं तर मला आनंद झाला नाही. माझा दुसराही मुद्दा हातातून निसटला, एवढंच मनात आलं.

सिस्टर आत म्हातारीपाशी गेल्या. "आत्या, काल कूस कुनी बदलली? कुनीच न्हाई ना? ही पाठ बघा, चादरीची घडी उमटलीय." बाहेर गृहस्थांच्या पत्नी माझ्या शेजारी पाटावर बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "आमच्या हितं कदी पान्याला शिवत न्हाई ती. आधी मला कळंना. मंग म्हनलं, आसंल त्यातली. सोताच्या पायरीनं ऱ्हाती. बरं हाय, आपल्याला बोलाय नको."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"तुमी कुनातल्या, ताई?"

"मी त्यातलीच," मी म्हटलं.

त्या बाईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "तसं न्हवं वो ताई... आता कोन मानतंय?... च्या निवला बगा तुमचा, दुसरा आनते." खरोखरच आत गेल्या आणि दुसरा चहा घेऊन आल्या. मी तो प्यायले. वाईट बाई नव्हती ती. एक पेपर आणि एक 'नको', यावरून तिने एक यादी केली होती आणि मी दुसरी. माझी टाईप केलेली होती, एवढाच फरक.

सिस्टर बाहेर आल्या तेव्हा मला बघून त्यांना नवल वाटलं नाही. नवल वाटणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

"आजोबांचा पाय?"

"सुकला."

"कोण म्हणतं?"

"सगळेच. खपली धरलीय."

"खपली." त्यांनी कपाळाला आठी घातली. "ताप?"

"नाही. जरा मलूल आहेत, झोपतात फार."

"स्कूटर राहू दे इथं. तुमची गाडी काढा."

कामशेतच्या अलीकडे त्यांनी पेट्रोल पंपावर गाडी थांबवायला लावली. आत जाऊन आल्या, मग पिशवीतून बाटली काढून उभ्या उभ्या सगळं पाणी प्यायल्या. शेवटचा थेंबसुद्धा. मी बघत होते ते त्यांच्या लक्षात आलं.

"सकाळपासनं पहिलं," त्या म्हणाल्या. "प्यायलं की जायला लागतं, ताई. रोज सहा घरं. कुणाकडं संडास नाही, कुणाचा पाठीमागं गोठ्यापलीकडं, कुणाचा रुग्णाच्या खोलीतनं. परक्या बाईनं किती घरी विचारायचं? मी पाणीच घेत नाही. दोनदा मूतखडा झालाय. रुग्णांना सांगते, भरपूर पाणी प्या."

"आणि पेपर?"

"तो माझ्या शिकवणाऱ्या बाईंचा. त्या म्हणायच्या, दवाखाने मागाहून झाले. आधी बायकाच घरोघर जाऊन आजाऱ्याला धुवायच्या, पुसायच्या, भरवायच्या. मग त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी ध्यानात आलं की या घरचा आजार त्या घरी आपणच घेऊन जातोय. तेव्हापासून पिशवीची शिस्त. माझी पिशवी सहा घरं फिरून येते. कुणाच्या पुवाजवळ, कुणाच्या थुंकीजवळ. ती तुमच्या टीपॉयवर ठेवू? पेपर तुमच्यासाठी नसतो, माझ्यासाठी असतो. माझ्यापासून तुम्हाला जपायला."

पुढे वराळ्यापर्यंत पत्राबद्दल सांगायला अर्धा तास होता. सांगितलं नाही.

घरी दादांनी त्यांना बघून तोंड फिरवलं. मी म्हटलं, "दादा, पेपर त्या सगळ्यांकडेच घालतात."

"तुला कुनी सांगितलं?"

"बघून आले. आंदर मावळात, मोठ्या घरी. तिथेही पेपर, तिथेही पाणी नाही."

"मोठ्या घरी?"

"हो."

दादांनी आपण होऊन पाय उचलला आणि सिस्टरांच्या पुढ्यात ठेवला.

सिस्टरांनी पट्टी सोडली. खपली कोरडी होती. त्यांनी अंगठ्याच्या बाजूला दोन बोटांनी दाबलं. खपलीच्या कडेने पिवळा पू आला, आणि मग तो वास आला, ज्यासाठी त्या दारात थांबायच्या. वरून बंद झालेली जखम आतून हाडापर्यंत गेली होती. हे एका दिवसाचं नाही, त्या म्हणाल्या, आठ-दहा दिवस तरी झाले असतील. दादांना काही कळलं नव्हतं, कारण त्या पायाला दुखणंच कळत नसे.

त्याच संध्याकाळी दवाखान्यात नेलं. अंगठा गेला. आणखी चार दिवस गेले असते तर घोट्याखाली काही ठेवता आलं नसतं, असं शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. दादा शुद्धीवर आल्यावर पायाकडे बघून म्हणाले, "चार तर हायत."

घरी आल्यावर सिस्टरांच्या भेटी पुन्हा सुरू झाल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी चौकशी मांडली. एकच प्रश्न घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळा गाठून विचारायचा, ही त्यांची पद्धत. मी आतल्या खोलीत होते, दोन्ही उत्तरं मला ऐकू आली.

"बारा दिवस माझ्या भेटी कोणी थांबवल्या?" त्यांनी दादांना विचारलं. "ऑफिस म्हणतं, घरच्यांनी. घरचे म्हणजे कोण?"

"म्या," दादा म्हणाले. "मला तुमचा राग आलता."

मग स्वयंपाकघरात माझा नवरा. तो म्हणाला, "आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं."

मग त्या माझ्यापाशी आल्या. हातात दादांचा कागद होता, ज्यात प्रत्येक भेटीची नोंद असते. बारा दिवसांच्या मोकळ्या जागेवर त्यांनी आडवी रेघ मारून 'खंड' लिहिलं होतं. पुढे 'कारण' आणि कोरी जागा.

"मी थांबवल्या," मी म्हटलं. "पत्र मी लिहिलं. दादांना माहीतसुद्धा नव्हतं."

"पत्र मी वाचलंय. पाच मुद्दे. अक्षर टाईपाचं असलं तरी माणूस कळतो." त्यांच्या आवाजात राग नव्हता, माफीही नव्हती. "पण माझ्या कागदावर मी ऐकीव लिहीत नाही. ज्याचं त्याने लिहावं." त्यांनी पेन पुढे केलं.

आयुष्यभर मी कागदांवर कारणं लिहीत आलेय. माल उशिरा का आला, कमी का भरला, कुणाची चूक. पेन हातात धरून मी उभी राहिले. 'गैरसमज' लिहावं असं मनात आलं. तो शब्द सोयीचा होता, त्यात कुणाचंच नाव येत नव्हतं. दादा पलंगावरून म्हणाले, "राहू द्या की सिस्टर, लेकरू हाय."

"पन्नाशीचं लेकरू," सिस्टर म्हणाल्या. "लिहू दे त्यांना."

मी लिहिलं: मुलीने संशयावरून भेटी थांबवल्या.

सिस्टरांनी चष्मा चढवून ते वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग बोटाने खालची जागा दाखवली.

"सही."

मी सही केली.

"आता हात धुऊन या. कोपरापर्यंत. टाच तुम्ही वर धरायची आहे."